टेबलावरचं मधलं

१४ ऑक्टोबर

ही वही वाचाताईंनी दिली. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, बोलायला शिकवायला आठवड्यातून दोनदा एक मुलगी येते. तिचं खरं नाव माझ्या लक्षात राहत नाही, म्हणून मी तिला वाचाताई म्हणतो आणि ती बिचारी हसून ओ देते. म्हणाली, "काका, काकू दिवसभरात काय खातात आणि काय बोलतात, रोज लिहून ठेवा." म्हटलं, लिहितो की. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, प्रत्येक लिफ्टची नोंदवही ठेवली, बायकोची ठेवायला काय जातंय?

तर नोंद. सकाळी सूप, चार चमचे. बोलली: पुरे. दुपारी कुस्करलेलं केळं, तीन चमचे. बोलली: पुरे. संध्याकाळी दूध, दोन घोट, एक ठसका. बोलली: पुरे.

बोलण्याचा रकाना असा झटपट भरतो. सात आठवड्यांपूर्वी हिला झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि सगळे शब्द गेले, हा एवढा एक सोडून. वाचाताई म्हणते असं होतं कधी कधी, एखादा शब्द अडकून राहतो, तो नुसता सवयीने बाहेर पडतो, त्याला अर्थ असेलच असं नाही. मी म्हटलं, म्हणजे लिफ्ट मधल्या मजल्यावर अडकते आणि कुठलंही बटण दाबलं तरी तिथेच दार उघडते, तसं. तिला हे फार आवडलं, तिने लिहूनसुद्धा घेतलं. मला काही आवडलं नाही. एक्केचाळीस वर्षं या बाईने मला घरात शब्द बोलू दिला नाही आणि आता मी एकटाच बडबडत असतो.

१८ ऑक्टोबर

वजन एक्केचाळीस किलो. झटक्याआधी बावन्न होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गिळणं अगदीच गेलेलं नाही, पण त्या खातच नाहीत. असंच चाललं तर पोटात नळी घालून तिच्यातून पातळ अन्न द्यावं लागेल. हिवाळ्याच्या सुट्टीपर्यंत वाट पाहू, मग ठरवू.

लेकीला फोनवर सांगितलं. ती लांबच्या गावी नोकरीला, सुट्टीशिवाय येता येत नाही, त्यामुळे फोनवर तिचा जीव जास्तच वरखाली होतो. "बाबा, तुम्ही तिला नीट भरवत नाही. दोन चमचे दिले की उठत असाल. तिला उपाशी मारायचंय का?" मला ते असं झोंबलं म्हणता! म्हटलं, "नळी बिळी काही नको. सुट्टीला तू येशील तेव्हा तुझी आई टेबलावर बसून तोंडाने जेवेल. बघच तू." बोलून तर बसलो. फोन ठेवल्यावर हिच्याकडे पाहिलं. ही खिडकीकडे बघत होती.

कसं जेवेल? दुपारभर तेच डोक्यात. मग एकदम सुचलं. मधलं!

मधलं म्हणजे काय ते इथे लिहिलं पाहिजे, वाचाताईला कळायचं नाही. ऋतू बदलला की एक सुट्टी येते, तशा वर्षात चार. त्या दिवशी ही टेबलाच्या मधोमध काहीतरी मांडायची. पानं, फुलं, शेंगा, काड्या, बरणीतली मेणबत्ती, असलंच घरचं. विकतचं काही नाही, हा हिचा कायदा. लेक लहान असताना त्याला ‘मधलं’ म्हणायची, तेच नाव पडलं. आणि मधलं मांडून झाल्याशिवाय या घरात कुणाची ताटाला हात लावायची छाती नव्हती. मी एकदा भुकेने कावून आधीच पाव तोडला होता, तर वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत ऐकून घेतलं.

म्हणजे मधलं समोर आलं की जेवायचं, हे हिच्या अंगात भिनलेलं असणार. शब्द गेले म्हणून सवय थोडीच जाते? येत्या शनिवारी पानगळीची सुट्टी आहे. मी करणार मधलं.

२२ ऑक्टोबर

काल आवारात पानं वेचत होतो. वाकलो की गुडघे बोलतात. खालचा रखवालदार म्हणाला, "काय हरवलं काका?" म्हटलं, "डोकं." तो शोधायला लागला.

लाल पानं, पिवळी पानं, सुरूची बोंडं पिशवीभर. संत्र्याच्या चकत्या ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवायच्या असतात, ही तशीच करायची. माझी मंद आच आणि हिची मंद आच यात बराच फरक निघाला. पहिला घाणा कोळसा. दुसरा बरा जमला. सांगाड्याला तार हवी म्हणून माळ्यावरून माझी जुनी तार काढली, पक्कड काढली आणि बसलो वळवत. हात कामाला लागले तर काय बरं वाटलं! आठ आठवड्यांत पहिल्यांदा तासभर काही वाटलं नाही.

दिवसा हिला सांभाळायला मावशी येतात. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काका, हे टेबलावर ठेवायचंय की भिंतीत बसवायचंय?" जरा दणकट झालंय खरं. माणूस बसला तरी वाकायचं नाही.

सूप चार. केळं दोन. पुरे, पुरे.

२५ ऑक्टोबर

झालं! चाललं!

हिला चाकाच्या खुर्चीतून टेबलाशी आणलं. मावशींनी केस विंचरून दिले होते, निळी शाल घातली होती. मधोमध माझं मधलं: पानांचं कडं, बोंडं, संत्र्याच्या चकत्या, तीन मेणबत्त्या. ही बघत राहिली. खूप वेळ. मग डावा हात उचलला आणि ते कडं जरासं ढकललं. म्हणाली, "पुरे."

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही टीका करतेय! अगदी पहिल्यासारखी! हिचा दुसरा कायदा होता की मधल्याच्या वरून समोरच्याचं तोंड दिसलं पाहिजे. माझ्या त्या डोंगरामागे मी दिसतच नव्हतो. पुरे, म्हणजे फार झालं, कमी करा. मी हसलो, म्हटलं, "बरं बाई, करतो कमी." दोन मेणबत्त्या काढल्या, वरची बोंडं काढली. मग सूप दिलं तर सहा चमचे. सहा!

लेकीला लगेच फोन केला. ती रडायलाच लागली. मावशींना म्हटलं, बघा, शब्द अडकलेला नाही, त्याला अर्थ आहे. मावशी म्हणाल्या, "असणारच की काका."

२ नोव्हेंबर

हिच्या कायद्याने मधलं एकच दिवस असतं. पण सहा चमचे ज्याच्यापुढे गेले ते काढायला मी काय मूर्ख आहे? रोज ठेवतो. पानं कुरकुरीत होऊन गळतात, नवी आणतो. आज चकत्या काढून टाकल्या, कारण परवापासून ही त्यांच्याकडे बघून तेच म्हणते. खरंच गर्दी वाटत होती.

सूप तीन. बटाटा दोन. वजन चाळीस. काटा जुना आहे म्हणा.

९ नोव्हेंबर

वाचाताईने नवा अभ्यास दिला. मला, हिला नाही. "काका, काकू तो शब्द कधी म्हणतात ते लिहिता तसं कधी म्हणत नाहीत तेही लिहा." दोन दिवस पाळत ठेवून यादी केली.

म्हणते: चमचा पुढे केला की. मधलं मांडलं की. वाचाताईचे शब्द शिकवायचे चित्रांचे पत्ते बाहेर आले की. औषधाच्या वेळी. लेक फोनवर "आई, लवकर बरी हो" म्हणते तेव्हा, न चुकता.

म्हणत नाही: केस विंचरताना. खिडकी उघडल्यावर. मावशी पायाला तेल चोळतात तेव्हा. ओठांना साय लावली की. मी काहीच न करता नुसता शेजारी बसलो की.

वाचाताईने यादी दोनदा वाचली. पेन्सिल फिरवत बसली. म्हणाली, "काका, तुम्हाला यातून काय वाटतं?" मी म्हटलं, "स्पष्ट आहे. तुमची चित्रं तिला बालिश वाटतात." ती हसली नाही. मग जाताना हिचा हात हातात घेऊन बराच वेळ उभी होती. मला वाटतं तिला राग आला असावा.

१७ नोव्हेंबर

तारेचं कडंच काढून टाकलं. आता पांढऱ्या बशीत पाच बोंडं आणि बरणीत एक मेणबत्ती. ही आली, बघितलं. पुरे. मेणबत्ती काढली. पुरे. दोन बोंडं काढली. पुरे.

या बाईचा डोळा काय आहे, मी म्हणतो! पूर्वी मी शर्टावर भलतीच पँट घातली तर दारातून परत पाठवायची. मला आता तिची नजर यायला लागली आहे. तीन बोंडंसुद्धा एका ओळीत ठेवली तर दुकान वाटतं, जरा आडवीतिडवी ठेवली तर बरी दिसतात. हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळतंय. तेव्हा शिकलो असतो तर ती एकटी करत बसली नसती. मला वाटायचं हा बायकांचा खेळ. ती टेबल मांडायची आणि मी पेपर वाचायचो, वर म्हणायचो, झालं का एकदाचं?

सूप दोन. दूध एक घोट.

२४ नोव्हेंबर

लिहायला लाज वाटते. पण वहीत खोटं लिहायचं नाही, ही सवय आहे.

सकाळपासून काही नाही. ओठ मिटलेले. दुपारी मावशी औषधं आणायला गेल्या होत्या. मी सूप घेऊन बसलो. अगं एक. एकच. बघ, मधलं मांडलंय, दोनच बोंडं ठेवली आहेत, तुझ्या मनासारखं. पुरे. माझ्यासाठी एक. पुरे. लेकीला काय सांगू मी? पुरे.

मग माझा तोल गेला. मी तिचे गाल दाबले आणि चमचा आत घातला. ओरडलो, "काय पुरे? कशाला पुरे? दुसरं काही बोलता येत नाही का तुला?"

ठसका लागला. चेहरा काळानिळा झाला. पाठ चोळली, पुढे वाकवलं, सूप सगळं शालीवर. श्वास परत आला तेव्हा ती रडत होती. चेहरा निम्माच रडत होता, उजवी बाजू तशीच शांत. मी जमिनीवर बसलो आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. डावा हात माझ्या डोक्यावर आला. कशासाठी, माझी लायकी काय त्या हाताची?

एक्केचाळीस वर्षांत कधी हात उगारला नव्हता.

२८ नोव्हेंबर

ताप. छातीत घरघर. डॉक्टरीणबाई घरी येऊन इंजेक्शन देऊन गेल्या. म्हणाल्या, अन्न श्वासनळीत गेलं असेल. मी मान डोलावली. कसं गेलं ते सांगितलं नाही.

६ डिसेंबर

ताप उतरला. वजन सदतीस. काटा जुना नाही, तो वाचाताईने नवा आणला आहे.

मावशी शाल धूत होत्या. म्हणाल्या, "काका, एक बोलू? रागावणार नाही ना?" म्हटलं, बोला. पाण्यात हात तसेच ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काही नाही. राहू दे." मी चिडलो. म्हटलं, या घरात एकीला बोलता येत नाही आणि दुसरी अर्धवट बोलते. मावशी म्हणाल्या, "काकूंना येतं बोलता." आणि शाल पिळायला लागल्या.

मी बाहेर आलो. बोंड एक ठेवलं. मग तेही काढलं. ओल्या गवताच्या कडेला एक वाळकी काडी सापडली, तिला वर दोन बारीक फाटे. पाण्याच्या पेल्यात उभी करून ठेवली. खरं सांगतो, या घरात आजवर झालेल्या मधल्यांत इतकं देखणं झालं नव्हतं. ही असती तर, असं मनात आलं आणि चपापलो. ही आहे ना.

१२ डिसेंबर

डॉक्टरीणबाईंनी नळीचा फॉर्म दिला. सुट्टीनंतर लगेचची तारीख. फॉर्ममध्ये एक रकाना होता: रुग्णाची स्वतःची इच्छा. मी लिहिलं, बोलता येत नाही.

बाईंनी ते वाचलं. चष्मा काढला. "काका, त्या अगदीच काही सांगत नाहीत का?" मी म्हटलं, "एकच शब्द आहे हो. अडकलेला." बाई म्हणाल्या, "फॉर्म घरी न्या. घाई नाही."

घाई नाही! सदतीस किलोची बाई आहे आणि म्हणे घाई नाही. डॉक्टर लोकांना काय, घरी जाऊन जेवतात.

१९ डिसेंबर

लेक आली. दारात बॅग टाकून आत धावली आणि पलंगाशी जाऊन थबकली. फोनवर नुसता चेहरा दिसतो, त्यात हे सगळं दिसलं नव्हतं. "आई," म्हणाली. हिने डावा हात पुढे केला, लेकीचा गाल चाचपला, कान चाचपला, कानातलं चाचपलं. "पुरे" नाही म्हणाली. त्या वेळी एकदाही नाही.

बाहेर येऊन लेक मला म्हणाली, "नळी लावा. उद्याच लावा. कशाची वाट बघताय बाबा?" म्हटलं, सुट्टीच्या दिवशी ती टेबलावर बसेल, जेवेल. लेकीने माझ्याकडे बघितलं, वेड्याकडे बघतात तसं. पण मग पुढ्यात बसून जुन्या वर्तमानपत्राचे तारे कापायला लागली, आईने शिकवलेले, घडी घालून एकाच कात्रीत होणारे. तासाभरात वीस केले. मी म्हटलं, "इतके नकोत, आईला चालायचं नाही." ती म्हणाली, "मला चालतील." आणि कापतच राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि कात्री काही थांबत नव्हती.

२२ डिसेंबर

आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस. सुट्टी. चार वाजताच दिवा लावला.

लेकीने टेबलावर तारे पसरले, मध्ये पेल्यात माझी काडी. ताटं मांडली. हिच्यासाठी खोलगट वाडग्यात भोपळ्याचं सूप, गाळून घेतलेलं. मावशींना मुद्दाम थांबवून घेतलं होतं, त्याही बसल्या. हिला आणलं. मान टेकवायला उशी लागते आता.

हिने टेबल बघितलं. "पुरे."

लेकीचा चेहरा पडला. पण उठली आणि तारे गोळा केले. राहिली काडी. "पुरे." मी म्हटलं, "अगं, एक काडी आहे. याहून कमी काय करू?" ती माझ्याकडे बघत होती. मी पेला उचलून मागे कपाटावर ठेवला. टेबल रिकामं. नुसतं लाकूड. म्हटलं, "घे. आता काहीच नाही. आता काय काढू, सांग?"

तिने डावा हात उचलला. वाडग्याच्या कडेला बोटं लावली. जोर कुठे होता अंगात, पण ढकललं. इंचभर. थांबली, दम घेतला, परत ढकललं. सूप हिंदकळून टेबलावर सांडलं. लेक पुसायला धावली तर मावशींनी तिचा हात धरला. ही ढकलत राहिली. अख्खी दोन मिनिटं गेली असतील. वाडगं टेबलाच्या मधोमध पोचलं तेव्हा हात मागे घेतला, मांडीवर ठेवला. आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पुरे."

ओरडून नाही, रागाने नाही. ताटात वाढणाऱ्याला सांगतात तसं. पोट भरलेलं माणूस सांगतं तसं.

लेक चमचा घेऊन उठली. "आई, एकच घास. माझ्या हातचा. मी एवढी लांबून आले ना." मी तिचं मनगट धरलं. म्हटलं, "बाळा, नको." ती म्हणाली, "सोडा." मी सोडलं नाही. म्हणाली, "बाबा, सोडा म्हणते ना!" मी म्हटलं, "ती दोन महिने सांगतेय. मला वाटलं पानं जास्त झाली."

मावशी पदर तोंडाला लावून आत गेल्या. ही आम्हा दोघांकडे बघत होती. मधे वाडगं होतं, पण त्याच्यावरून तिचं तोंड मला नीट दिसत होतं.

२४ डिसेंबर

डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. फॉर्म परत दिला, सही न केलेला. त्यांनी तो खणात ठेवला. समजावून सांगितलं की आता भूक लागल्याचं तिला फारसं जाणवणार नाही. ओठ ओले ठेवा, कूस बदला, दुखलं तर हे थेंब द्या. किती दिवस, विचारलं. थोडे, म्हणाल्या.

घरी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "एका शब्दावरून? सगळ्या जगाचे डॉक्टर सांगतात तो शब्द नुसता अडकलेला असतो. आणि तुम्ही त्याच्यावरून आईला मरू देणार?" मी म्हटलं, "अडकलेला नव्हता. तोच एक तिने जपून ठेवला होता." ती म्हणाली, "आणि तुमचं चुकत असेल तर?"

चुकतही असेल. ऑक्टोबरात मला पक्कं माहीत होतं की ती मधल्याबद्दल बोलते, तेव्हाही मी असाच ठाम होतो ना? त्या दिवशी सहा चमचे खाल्ले होते. कशाला खाल्ले? मला बरं वाटावं म्हणून खाल्ले असतील का? मग आजचं तरी मला कळलंय कशावरून? माझ्यासारख्या ठोंब्याच्या हातात तिचा जीव आला हेच तिचं नशीब.

लेक माझ्याशी बोलायची थांबली. एकाच घरात आहोत, मावशींमार्फत निरोप देते.

२७ डिसेंबर

खायची नोंद काही नाही. ओठांना ओला कापूस, दर तासाला. पायाला तेल. खिडकी दुपारी अर्धा तास.

बोलण्याचा रकाना रिकामा. परवापासून रिकामाच आहे.

आधी वाटलं अशक्तपणा. पण काल मावशींनी कूस बदलताना ती कण्हली, घसा स्वच्छ होता, आवाज होता. आता लक्षात येतं. कुणी चमचा पुढे करत नाही, चित्रं दाखवत नाही, बरी हो म्हणत नाही. म्हणायची वेळच येत नाही. सगळ्या जगात एक शब्द उरला होता तिच्याकडे, तो मी ऐकला आणि संपवला. ऐकला नसता तर अजून रोज दहादा कानावर पडला असता.

हे बरं झालं असं सगळे म्हणतील. मला दिवसभर कान देऊन बसावंसं वाटतं.

३० डिसेंबर

श्वास थांबून थांबून येतो. डॉक्टरीणबाई सकाळी येऊन गेल्या. म्हणाल्या, आज किंवा उद्या.

मी डाव्या बाजूला बसलो होतो, तिचा हात धरून. डोळे अर्धे उघडे. दुपारी लेक आत आली, पलंगाच्या दुसऱ्या कडेला बसली. सहा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"बाबा."

"हं."

"मला तिचा आवाज ऐकायचाय."

मी हिच्या ओठांवरून ओला कापूस फिरवला.

"माझ्याशी ती एकदाही बोलली नाही हो शेवटी. मी आले तेव्हा नुसता गाल चाचपला. टेबलावर बोलली ती तुमच्याशी." तिने माझ्या बाहीला धरलं, लहानपणी धरायची तसं. "एकदा तिला चमचा दाखवा ना. भरवू नका. नुसता दाखवा. म्हणेल ती. एकदाच."

स्टुलावर औषधाचा चमचा होता. मी उचलला. मला लेकीहून जास्त ऐकायचं होतं, देवाशपथ. हिचे डोळे त्या चमच्याकडे वळले. कपाळावर एक बारीक आठी आली, ओठ हलायला लागले. लेक पुढे वाकली. मीही वाकलो. अजून दोन क्षण धरला असता तर आला असता शब्द.

मी चमचा खाली घेतला, तिला दिसणार नाही असा, पाठीमागे. आठी गेली. ओठ मिटले.

लेक माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आवाज न करता, आईला कळू नये म्हणून. मी तो चमचा तसाच स्वयंपाकघरात नेला, धुतला आणि बाकीच्या चमच्यांत ठेवून दिला.